‘उत्पन्न’ या शब्दाचा एक नवा विनियोग

शेअरबाजारातील ऑप्शन विकून दरमहा ‘उत्पन्न’ मिळविण्याचा मार्ग सांगणारे मराठी लेखन अलीकडे विपुल झाले आहे. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार शब्दयोजनेच्या अंगाने करावयाचा आहे. कारण या व्यवहारातील मुख्य धोका, आमच्या मते, शब्दानेच झाकला गेला आहे.

ऑप्शन ही वस्तू मुंबईच्या बाजारास नवी नव्हे. रोख्यांच्या करारांचे नियमन करणाऱ्या १९५६ च्या कायद्याची व्याख्या इंग्रजी असूनही तीत ‘तेजी’, ‘मंदी’, ‘तेजी-मंदी’ व ‘गल्ली’ हे बाजारातील शब्द जसेच्या तसे आले आहेत. त्याच कायद्याने हे करार निषिद्ध ठरविले होते; १९९५ मध्ये तो निषेध उठला आणि जून २००१ मध्ये राष्ट्रीय शेअरबाजारात निर्देशांकावरील ऑप्शन सुरू झाले. जुन्या शब्दांत भावाच्या चढउताराचा उल्लेख तरी उघड होता. ‘उत्पन्न’ म्हणताच तोही नाहीसा होतो.

‘उत्पन्न’ म्हणजे मुळात उद्भवलेले. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर हा शब्द माड, कलमे व भात यांना धरून आहे. अवकाळी पावसाने मोहोर गळाला तर बागायतदाराचे त्या सालचे उत्पन्न बुडते, फवारणीचा खर्चही जातो. पण गळलेल्या मोहोराबद्दल कोणी त्याच्याकडे बाग मागावयास येत नाही. (कर्ज काढले असल्यास गोष्ट निराळी.) रापणीचे जाळे रिकामे आले तर वाटा नाही, इतकेच.

ऑप्शन विकणाऱ्याच्या हाती पडणारा प्रीमियम या जातीचा नव्हे. त्याने काही पिकविलेले नसते. दुसऱ्याच्या नुकसानीची जामिनकी पत्करलेली असते. पैसा आधी येतो, जबाबदारी मुदत संपेपर्यंत राहते, आणि तिचा आकार मिळालेल्या पैशाशी प्रमाणबद्ध नसतो. ३ जून २०२४ रोजी निफ्टी निर्देशांक २३,२६३ वर बंद झाला. ४ जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, तो २१,८८४ वर आला. समजा, ६ जूनला संपणारा, २२,५०० या भावाने निर्देशांक विकण्याचा हक्क कोणी १०० रुपयांस दिला होता. ४ जूनच्या अखेरीस तो परत घेण्यास ६०० रुपयांच्या वर मोजावे लागले असते, म्हणजे पाच वेळची मिळकत एका दिवसात गेली. येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी: ६ जूनला निर्देशांक २२,८२१ वर बंद झाला व तो हक्क निरर्थक ठरला. ज्याच्याजवळ वाढीव अनामत भरण्यास पैसा होता त्याला १०० रुपये पूर्ण मिळाले. ज्याच्याजवळ नव्हता त्याचा सौदा ४ तारखेसच तोट्यात मोडला गेला असता. दोघांचा अंदाज एकच होता.

हाती शेअर असताना त्यावर कॉल विकणे तुलनेने सौम्य खरे. तथापि शेअर कोसळल्यास तो तोटा अंगावर राहतोच.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार, मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या व एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक झाला. या आकड्यात घेणारे व विकणारे दोन्ही आहेत. तेव्हा केवळ विक्रेत्यांविषयी त्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. परंतु निवृत्त होऊन गावी परतणाऱ्या चाकरमान्याच्या प्रॉव्हिडंट फंडावर ‘दरमहा उत्पन्ना’चा प्रयोग सुचविणाऱ्या लेखकाने निदान हा आकडा तरी वाचकापुढे ठेवावयास हवा होता. त्याऐवजी बहुधा ‘घरभाड्यासारखे’ ही उपमा येते. भाडेकरू घरमालकाकडे घराच्या किमतीची मागणी करीत नाही, हे ती उपमा योजणाऱ्याच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

पर्याय मराठीत आहे. घडणावळ, दळणावळ, करणावळ या शब्दांत कामाच्या मोबदल्याचा ‘-णावळ’ प्रत्यय जिवंत आहे. त्याच धर्तीवर प्रीमियमला ‘पत्करणावळ’ म्हणता येईल. शब्द काहीसा जड आहे. परंतु तो ऐकणारा, काय पत्करले, असे विचारील, आणि विक्रेत्यास त्याचे उत्तर द्यावे लागेल.