पिल्लांना केव्हा उतरवायचं?

पावसाळ्यात शाळेच्या मैदानावरच्या गवतात आणि भाताच्या बांधांवर लांडगा कोळी दिसू लागतात. यांतले बहुतेक जाळं विणून बसत नाहीत. जमिनीवर धावून भक्ष्य पकडतात. मादी अंड्यांची पिशवी शरीराच्या मागच्या टोकाला चिकटवून सगळीकडे वागवते. एखादा विद्यार्थी अशी मादी बरणीत घालून वर्गात आणतो. काही दिवसांनी पाहावं तर पिशवी रिकामी, आणि आईच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पिल्लांची दाटी! मग वर्गातून हमखास प्रश्न येतो : आई यांना खाईल का? यांना वेगळं काढायचं का?

या प्रश्नासाठी आम्ही एक जुनं पुस्तक पुन्हा काढून वाचलं. ज्याँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांच्या कोळ्यांवरच्या लेखांचा ‘द लाइफ ऑफ द स्पायडर’ हा इंग्रजी अनुवाद १९१२ साली निघाला. फाब्र स्वतः अनेक वर्षं शाळामास्तर होते. दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्याँ गावी आपल्या माळरानावर आणि खोलीतल्या पिंजऱ्यांत त्यांनी नार्बोन लायकोसा या लांडगा कोळ्याचं निरीक्षण केलं. शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वाचावं. मात्र आंधळेपणानं वाचू नये. दोन्हींची कारणं सांगतो.

आधी गुण. फाब्र नुसतं पाहत नाहीत, करून पाहतात. आईजवळची अंड्यांची पिशवी काढून त्यांनी तिला बुचाचा गोळा दिला. तिनं तोही मागे लावून घेतला! पुढे एका आईच्या पाठीवरची पिल्लं ब्रशनं झाडून दुसऱ्या आईजवळ पाडली. पिल्लं तिच्या पायांवरून भराभर चढली आणि तिच्या पिल्लांमध्ये सामावून गेली. तिनंही हरकत घेतली नाही. दोन माद्यांच्या झुंजीत एकीनं दुसरीला खाल्लं, तेव्हा मेलेल्या मादीची पिल्लं मारणारीच्याच पाठीवर चढली. ‘आईची माया’ हा शब्द आपण किती घाईनं वापरतो, हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली उदाहरणं सापडणं अवघड आहे.

पण इथेच आमची पहिली तक्रार आहे. ब्रशचा हा प्रसंग वाचून वाटतं की पिल्लं उतरवणं अगदी सोपं. आम्हालाही तसंच वाटलं होतं. वर्गात आम्ही एकदा ब्रश फिरवला. पिल्लं खाली पडली आणि क्षणात दहा दिशांना पळाली. काही ब्रशच्या दांड्यावरून थेट आमच्या बाहीत शिरली, काही बरणीच्या झाकणाला पाडलेल्या भोकांतून निसटली. काही चिरडलीही. नंतर लक्षात आलं, की ती आमच्यापासून पळत नव्हती. चढायला पाठ शोधत होती. फाब्र यांच्या प्रयोगात शेजारी दुसरी आई होती, आमच्या टेबलावर नव्हती. शिवाय मादीच्या पाठीवर टोकाशी गाठ असलेले खास केस असतात आणि पिल्लं त्यांनाच धरून बसतात, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. गुळगुळीत काचेवर तसा आधार कुठून मिळणार?

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. नार्बोन लायकोसाची पिल्लं जवळजवळ सात महिने आईच्या पाठीवर असतात आणि या काळात काही खात नाहीत, असं फाब्र यांनी पाहिलं. मग धावपळीला लागणारी ऊर्जा येते कुठून? इंजिनाला कोळसा लागतो, तसं यांना काय लागतं? प्रश्न उत्तम आहे. अंड्यातून मिळालेल्या साठ्याचा विचारही ते करतात. पण एवढ्याशा जिवात साठा तो किती असणार, म्हणून तो बाजूला सारतात. शेवटी पिल्लं थेट सूर्याच्या उष्णतेवर जगत असावीत, या कल्पनेपर्यंत येतात. ही चूक आहे. पिल्लांना पुरतो तो अंड्यातल्या बलकाचाच साठा. कोळ्याचं शरीर आपल्यासारखं सतत गरम ठेवावं लागत नाही. थंडीत, स्वस्थ बसलेल्या पिल्लाला फारच थोडी ऊर्जा लागते. बुचाचा गोळा देऊन पाहणारा माणूस इथे मात्र अंदाजावर थांबला. विद्यार्थ्यांना हा उतारा जरूर द्यावा आणि विचारावं : ही कल्पना तपासायची तर तुम्ही काय मोजाल?

बरणीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र याच पुस्तकात, पुढच्या भागात आहे. वसंतात निघायची वेळ झाली की हीच पिल्लं आपण होऊन आईवरून उतरतात आणि मिळेल त्या गोष्टीवरून वर चढत जातात. फाब्र यांनी जाळीच्या पिंजऱ्यावर काटक्यांची जुडी उभी केली. पिल्लं तिच्या शेंड्यापर्यंत गेली आणि तिथून धाग्यांच्या मदतीनं निघून गेली. ब्रशनं जे साधत नाही ते काटकीनं साधतं.

आपल्याकडच्या अनेक लांडगा कोळ्यांत पाठीवरचा मुक्काम महिन्यांचा नव्हे, साधारण आठवडाभराचा असतो. तेवढे दिवस आईला डिवचू नका. पिल्लांना अन्न नको. ओला कापूस मात्र असू द्या. झाकणाला भोकं पाडण्याऐवजी बारीक मलमल ताणून बांधा. बरणी पाण्याच्या परातीत ठेवली की पिल्लं अडतील, असं समजू नका. इतकी हलकी पिल्लं पाण्यावरूनही चालू शकतात. पिल्लं उतरून मलमलीखाली जमू लागली, की पंखा बंद करून बरणीत एक लांब काटकी उभी करा. तिचा शेंडा पिल्लांनी भरला की मलमल सोडा, काटकी अलगद उचला आणि गवतात टेकवा. पाठीवर उरलेली पिल्लं राहू द्या. त्यांची वेळ अजून झालेली नाही. ती उतरली, की आईलाही जिथून आणली तिथे सोडा. पण उतरलेली पिल्लं बरणीत तशीच ठेवू नका. आता त्यांना भूक लागते, आणि ती एकमेकांना खातात. थोडी पाळायचीच असतील, तर प्रत्येकाला वेगळी डबी हवी.

थोडक्यात, फाब्र यांचं पुस्तक वर्गात न्यावं, त्यांचा ब्रश नको. तुमच्या बरणीतली पिल्लं कितव्या दिवशी उतरली, याची नोंद मात्र ठेवा. पुढच्या पावसाळ्यात ती दुसऱ्या वर्गाच्या नोंदीशी ताडून पाहता येईल.