लॉर्डसाहेब आणि फासाचा दोर

डोरोथी सेयर्स यांच्या रहस्यकथांतल्या लॉर्ड पीटर विम्झीला पोटासाठी काही करावं लागत नाही. ड्यूक ऑफ डेन्व्हरचा धाकटा भाऊ, पिकॅडिलीत बिऱ्हाड, दुर्मीळ पुस्तकांचा शौक, आणि दिमतीला नोकर बंटर. हा बंटर न्याहारी आणतो तितक्याच निगुतीनं बोटांच्या ठशांचे फोटोही काढतो. १९२३ साली विम्झीची पहिली कादंबरी ‘हूज बॉडी?’ आली तेव्हा खुद्द सेयर्सबाई लंडनमध्ये जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरत होत्या. स्वतःचा हात आखडता असताना विम्झीला डेमलर गाडी घेऊन द्यायला दमडीही लागायची नाही, असं त्यांनीच पुढे मिश्किलपणे सांगितलं आहे.

खानदानी हौशी गुप्तहेर म्हटलं की आज आठवतो तो हा थाट: हवेली, एकचष्मा, शेरीचा पेला, ग्रंथालयातलं प्रेत. या कादंबऱ्यांवरचा जुना राग याच थाटावर होता. अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांनी १९४४ मध्ये या कृत्रिम इंग्रजी खुनांची यथेच्छ टिंगल केली. पाठोपाठ समीक्षक एडमंड विल्सन यांना सेयर्स यांची ‘द नाईन टेलर्स’ वाचवेना. चर्चच्या घंटा वाजवण्याच्या तपशिलांची पानंच्या पानं त्यांनी गाळली. रेल्वेच्या वेळापत्रकात रुतलेल्या ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’बद्दल ते असं बोलले असते तर मीही मान डोलावली असती. ज्यू माणसांविषयीचे सेयर्स यांचे शेरे तर आज खटकतातच, आणि खटकायलाच हवेत.

पण हे टीकाकार पाहतात ते दिवाणखान्यातलं फर्निचर. या कादंबऱ्यांना जिवंत ठेवत होता तो फासाचा दोर. त्या काळच्या इंग्लंडमध्ये खून शाबित झाला की फाशीची शिक्षा ठरलेली. पोलीस अधिकाऱ्याला निदान नोकरीचा आडोसा असतो. विम्झी मात्र कोणी न सांगता, निव्वळ हौसेनं, माणसाच्या गळ्यापर्यंत दोर नेऊन पोचवतो. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांनी आधीच मोडलेला हा माणूस. माणसं मृत्यूच्या तोंडी धाडायचं काम त्यानं तिथेही केलं होतं. म्हणून पहिल्याच कादंबरीत खुनी उमगतो त्या रात्री त्याला विजयाचा आनंद होत नाही, पुन्हा जर्मन सुरुंगवाल्यांचे आवाज ऐकू येतात. त्याची वायफळ बडबड ही लकब नसून ढाल आहे, हे तिथे कळतं.

‘क्लाउड्स ऑफ विटनेस’मध्ये (१९२६) आरोपी त्याचा सख्खा थोरला भाऊच. ड्यूक असल्यामुळे खटला चालतो हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर. ही चाल कादंबरीपुरती नव्हती. १९३५ मध्ये लॉर्ड डी क्लिफर्ड यांच्यावर असा खटला खरोखर चालला, ते सुटले, आणि १९४८ मध्ये कायद्यानं उमरावांचा हा अधिकारच रद्द केला. ‘स्ट्राँग पॉयझन’मध्ये खुनाच्या आरोपाखाली पिंजऱ्यात हॅरिएट व्हेन उभी आहे. विम्झी तिला वाचवतो, तर ती लग्नाला नकार देते: ज्यानं जीव वाचवला त्याच्याशी बरोबरीनं संसार कसा करायचा? या एका प्रश्नापायी सेयर्स यांनी दोघांना ‘गॉडी नाईट’पर्यंत, म्हणजे १९३० ते १९३५, ताटकळत ठेवलं. आणि ‘बसमन्स हनिमून’च्या शेवटी विम्झीनं स्वतः पकडून दिलेल्या खुन्याच्या फाशीची वेळ जवळ येते. रहस्य कधीच उलगडलं आहे. तरी ती पानं वाचताना जीव गुदमरतो.

मार्जरी ॲलिंगहॅम यांचा ॲल्बर्ट कॅम्पियन १९२९ मध्ये आला तो विम्झीची नक्कल वाटावा असा. नाव टोपण, घराणं गुलदस्त्यात, नोकर लग हा पूर्वाश्रमीचा घरफोड्या. ॲलिंगहॅम यांनी मात्र त्याला हळूहळू सोलत नेलं. ‘ट्रेटर्स पर्स’मध्ये युद्धकाळात त्याची स्मृतीच जाते, तर ‘द टायगर इन द स्मोक’मध्ये (१९५२) लंडनचं धुकं आणि खुनी जॅक हॅवॉक यांनी कादंबरी इतकी व्यापली आहे, की कॅम्पियन बाजूला उभा राहतो. माझ्या मते ही या परंपरेतली सर्वोत्तम कादंबरी, आणि तिच्यात उमराव जवळजवळ निरुपयोगी आहे.

१९६५ मध्ये ब्रिटननं खुनासाठीची फाशी थांबवली, ते योग्यच झालं. या प्रकारच्या कादंबरीचा कणा मात्र त्याबरोबर गेला. आज जुन्या रहस्यकथांच्या देखण्या आवृत्त्या निघतात, माइक रिप्ली यांनी नव्या कादंबऱ्यांतून कॅम्पियनला पुढे चालवलं. त्या वाचायला मजा येते, पण कुणाला कशाची किंमत मोजावी लागत नाही. एलिझाबेथ जॉर्ज या अमेरिकन लेखिकेनं निराळी वाट काढली. १९८८ पासूनचा त्यांचा लिन्ली हा अर्ल असून पोलिसात नोकरी करतो, आणि कष्टकरी घरातली सार्जंट हॅव्हर्स त्याला त्याच्या जन्माची आठवण सतत करून देते. दोराची जागा इथे वर्गाच्या बोचणीनं घेतली आहे, आणि ती बऱ्यापैकी पेलते. सेयर्स यांच्यानंतर विम्झीला पुढे नेणाऱ्या जिल पेटन वॉल्श यांनी २०१० च्या ‘द ॲटनबरी एमराल्ड्स’मध्ये विम्झीलाच ड्यूक केलं. किताब, जमिनी आणि जबाबदाऱ्या गळ्यात पडलेला हा विम्झी प्रथमच खऱ्या अर्थानं कामाला जुंपला जातो. त्या घरगुती धांदलीपुढे पाचूंचं रहस्य फिकं पडतं.