दोऱ्याला टांगलेला चेंडू

न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची छायाचित्रे वाटली. जेमतेम दीड इंच रुंदीच्या पुठ्ठ्यावर डकवलेली, तांबूस. बहुतेकांत मैदान नाहीच. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा आणि झेलासाठी हात उंचावलेल्या खेळाडूसमोर दोऱ्याने टांगलेला चेंडू. काही कार्डांवर तो दोरा स्पष्ट दिसतो.

आज त्याचे हसू येते. अनुवादक म्हणून मला मात्र तो दोरा जवळचा वाटतो. वेगाचा खेळ स्थिर चित्रात आणताना जे निसटले, त्याच्या जागी काय ठेवले हे तो लपवत नाही. इथला खेळाडू वीर नाही. आपल्याच कामाचा अभिनय करणारा कामगार आहे.

‘कामगार’ हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. तेव्हाच्या ‘रिझर्व्ह’ कलमामुळे मालकाच्या मर्जीवाचून खेळाडूला दुसऱ्या संघात जाता येत नसे. न्यूयॉर्ककडून खेळणाऱ्या, कायदा शिकलेल्या जॉन माँटगोमरी वॉर्डने १८८७ साली ‘लिपिनकॉट्स’ मासिकात लेख लिहिला. बेसबॉलपटू हा ‘चॅटल’ आहे का, हा त्याच्या शीर्षकातलाच प्रश्न. आपल्या कायद्याच्या मराठीत ‘चॅटल’ म्हणजे जंगम मालमत्ता: दुसऱ्याने हलवायची, स्वतःहून न हलणारी. वॉर्डही या कार्डांवर आहे. त्याचा प्रश्न मनात ठेवून कार्डे पुन्हा पाहिली की दोऱ्याला चेंडू एकटाच बांधलेला वाटत नाही. १८९० साली खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. ती एकाच हंगामात संपली.

अमेरिकन टोबॅको कंपनीच्या १९०९ ते १९११च्या रंगीत कार्डांत अशा दोऱ्याची गरज उरली नाही. छायाचित्रावरून छापलेला होनस वॅगनरचा चेहरा सपाट केशरी रंगावर एखाद्या तसबिरीसारखा उभा आहे. पडदा नाही, काम नाही, नुसते तेज. वॅगनरने आपले चित्र वापरायला हरकत घेतली, छपाई थांबली आणि मोजकीच कार्डे उरली. २०२२ साली त्यांतले एक साडेबाहत्तर लाख डॉलरला विकले गेले.

ज्या चित्राला माणसाने नकार दिला, तेच अत्यंत मौल्यवान ठरले. किमतीच्या त्या आकड्यात वॅगनरचा नकार दिसत नाही. ‘ओल्ड जज’च्या कार्डावर निदान दोरा तरी दिसतो.