‘थकणे’ आणि ‘वय होणे’ : पेशींच्या वार्धक्याच्या परिभाषेची चिकित्सा

मराठीत ‘थकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ रूढ आहेत. दिवसभर औतामागे चालून गडी थकतो. आणि ‘आबा आता फार थकले’ असे म्हटले की आबांचे वय झाले, असा अर्थ निघतो. श्रमाचा थकवा विश्रांतीने जातो, वयाचा जात नाही. बोलणारा हा भेद संदर्भाने ओळखतो. परंतु जेथे संदर्भच संदिग्ध असतो, तेथे शब्दाची ही द्व्यर्थता निरुपद्रवी राहत नाही. निद्रेतील श्वासरोध आणि नैराश्य हे दोन विकार अशा संदिग्धतेचे नमुने होत.

श्वासरोधाच्या नेहमीच्या प्रकारात झोपेत घशाचा मार्ग पुनःपुन्हा मिटतो, रक्तातील प्राणवायू उतरतो व झोप तुटते. अशा अडथळ्यांची संख्या ताशी ५ झाली की विकाराची गणना सुरू होते, ३० झाली की तो तीव्र समजतात. रात्री काय घडते ते रुग्णाला बहुधा ठाऊक नसते. त्याला कळतो तो दिवसाचा थकवा. नैराश्याच्या रुग्णाची तक्रारही पुष्कळदा हीच असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ प्रश्नांच्या ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीत झोप, थकवा आणि एकाग्रता यांवर एकेक प्रश्न असून प्रत्येकास जास्तीत जास्त ३ गुण आहेत. म्हणजे निव्वळ श्वासरोधाने पीडित मनुष्यही ९ गुणांपर्यंत पोहोचू शकतो. आणि नैराश्याचा संशय घेण्याची रूढ मर्यादा १० आहे.

या दोन्ही विकारांत पेशी लवकर ‘म्हाताऱ्या’ होतात काय, हा अलीकडच्या संशोधनाचा प्रश्न आहे. त्याची परंपरा जुनी आहे. गुणसूत्रांच्या टोकांना हर्मन मुलर याने १९३८ साली ‘टेलोमिअर’ हे नाव ग्रीक शब्दांवरून दिले. ‘अंत्यखंड’ हा त्याचा सरळ मराठी अर्थ. मानवी पेशी प्रयोगपात्रात ठरावीक वेळाच विभागतात, हे हेफ्लिक व मूरहेड यांनी १९६१ साली दाखविले. विभागणीगणिक हे अंत्यखंड आखूड होतात. त्यांच्या रक्षणाची यंत्रणा उलगडल्याबद्दल ब्लॅकबर्न, ग्रायडर व शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१३ साली होर्व्हाथ याने डी.एन.ए.वरील ३५३ ठिकाणच्या मेथिल गटांवरून वय सांगणारे ‘घड्याळ’ सिद्ध केले.

चिकित्सेचा खरा विषय हे ‘घड्याळ’ होय. ते मुळात मनुष्याचे जन्मतारखेचे वय ओळखण्यासाठी रचलेले आहे. त्याचे उत्तर आणि खरे वय यांत जो फरक उरतो, त्यास संशोधक ‘वयाचा वाढलेला वेग’ म्हणतात. परंतु वेग मोजण्यास निदान दोन वेळची नोंद हवी. एका वेळी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यातून मिळते ती केवळ तफावत. तफावतीला वेग म्हटल्याने, न पाहिलेला काळ पाहिल्याचा भास उत्पन्न होतो. हा दोष गणिताचा नव्हे, नामकरणाचा आहे.

पुराव्याचे स्वरूपही हेच सुचविते. नैराश्य व आखूड अंत्यखंड यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. पण तो क्षीण आहे, आणि आधी काय व मागून काय, हे त्यावरून ठरत नाही. श्वासरोधाविषयीचे निष्कर्ष तर परस्परांशी जुळतही नाहीत. शिवाय लठ्ठपणा दोन्हीकडे हात घालून बसलेला असतो. श्वासमार्गात हवेचा दाब राखणारे यंत्र सलिव्हन याने १९८१ साली उपयोगात आणले. ते नियमित वापरणाऱ्यांत ही तफावत घटली, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात दिसते. या निष्कर्षास मोठ्या अभ्यासाची पुष्टी हवी. मात्र तो टिकला तर जे मोजले ते ‘वय’ नव्हते, असेच म्हणावे लागेल. कारण वय उपचाराने उतरत नाही.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार हे मंगरूळपीर तालुक्यातील वऱ्हाडी बोलणारे बाजाराचे गाव. शेतीच्या अरिष्टामुळे २००६ साली पंतप्रधानांचे साहाय्य ज्या सहा जिल्ह्यांना जाहीर झाले, त्यांत वाशीम होता. अशा गावी साठीचा शेतकरी घोरतो, दिवसा पेंगतो, कशात मन रमत नाही म्हणतो. आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून प्रश्न मिटवितात. ‘वय’ या उत्तरापुढे दवाखान्याची वाट संपते. उलट शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत चाललेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात, नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला. दुःखाला उपचारयोग्य विकाराचे नाव मिळाले आणि मदत गावात आली, की माणसे पुढे येतात, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

आता शास्त्रानेच ‘तुमच्या पेशींचे वय झाले आहे’ असे सांगितले, तर घरच्यांच्या त्या उत्तरास प्रयोगशाळेची मोहोर मिळेल. मराठीजवळ याहून नेमके शब्द आहेत. ‘वय’ ही वर्षांची गणना. ‘वृद्ध’ म्हणजे व्युत्पत्तीने वाढलेला. ‘जीर्ण’ म्हणजे विरलेला. ‘झीज’ हा शब्द मात्र कारणाची अपेक्षा ठेवतो. जाते झिजले तर टाकी लावतात, ते म्हातारे झाले असे कोणी म्हणत नाही. म्हणून विभागणी थांबलेल्या पेशीसाठी ‘पेशीजरा’, मोजलेल्या फरकासाठी ‘वयतफावत’ आणि रुग्णाशी बोलताना ‘झीज’ अशी त्रिविध योजना अधिक निर्दोष ठरेल. ‘झीज’ म्हटल्यानेही कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे अभ्यासकाने विसरू नये. परंतु तो शब्द ऐकणारा निदान ‘कशाने?’ असे विचारतो. ‘वय’ ऐकणारा विचारीत नाही.