अनोळखी परिचारिका, ओळखीचे गाव

मनोरुग्णांच्या परिचर्येचे शिक्षण कसे असावे, ही चर्चा हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकी परिचारिकेच्या ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ (१९५२) या ग्रंथापाशी येतेच. रुग्णावर लक्ष ठेवणे आणि डॉक्टरांच्या सूचना पाळणे एवढेच परिचारिकेचे काम, ही समजूत या ग्रंथाने मोडली. परिचारिका आणि रुग्ण यांचा संबंध हेच उपचाराचे साधन आहे व ते वापरायला शिकवता येते, हे पेप्लाऊ यांचे म्हणणे आजही पटते.

मात्र त्यांच्या मांडणीत हा संबंध दोन अनोळखी माणसांच्या भेटीने सुरू होतो. परिचारिका आधी परकी असते. पुढे ती माहिती देणारी, शिक्षिका, समुपदेशक होते. रुग्णालयात हे ठीक आहे. पोलादपूर तालुक्यात काय होईल?

२०२१ च्या जुलैमध्ये शेजारच्या महाड तालुक्यातील तळीये आणि पोलादपूरमधील केवनाळे, सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. अशा आपत्तीनंतर काहींची झोप उडते, पावसाचा जोर वाढताच छाती धडधडते. हे महिनोन्महिने टिकू शकते. ते सांगायचे कोणाला? उपकेंद्रातील परिचारिका जवळची असते, पण ती सर्वांच्याच ओळखीची. ‘बाईंना कळले म्हणजे वाडीला कळले’ या धास्तीने माणूस गप्प बसतो. म्हणजे येथे अडसर परकेपणाचा नाही, ओळखीचा आहे. ओळखीतून विश्वास कसा घडवावा, याचे उत्तर पेप्लाऊ यांच्या ग्रंथात मिळत नाही.

म्हणून आपल्याकडील प्रशिक्षणाचा पहिला धडा गुप्ततेचा हवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. याच कायद्याच्या व्याख्येत सामान्य परिचर्येची पदविका घेतलेली नोंदणीकृत परिचारिकाही ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ ठरते. तेव्हा सामान्य अभ्यासक्रमात काय शिकवले जाते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतील वॉर्डात विद्यार्थिनी आजाराची लक्षणे ओळखायला शिकेल. ओटीवर शेजारीण बसलेली असताना रुग्णाशी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे मात्र तिला वाडीतच शिकावे लागेल.

परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनी आपल्या वर्गात असतील, तर शिक्षकांनी त्यांना एवढेच विचारून पाहावे: शेजारणीने ‘त्या घरी कशाला गेली होतीस?’ असे विचारले, तर तुम्ही काय उत्तर द्याल?