‘रोगप्रतिकारक जनुक’ : एका परिभाषेचे परीक्षण

पिकांच्या रोगांविषयीच्या मराठी लेखनात ‘रोगप्रतिकारक जनुक’ ही संज्ञा आता रुळली आहे. तिच्या जोडीस ‘अतिसंवेदनशील प्रतिक्रिया’ व ‘पेशीची आत्महत्या’ हे प्रयोगही आढळतात. तिन्हींचा संबंध एकाच घटनेशी आहे. बुरशी पानात शिरताच तिच्या भोवतालच्या मोजक्या पेशी झपाट्याने मरतात व रोगाचा प्रसार तेथेच खुंटतो. हा पेशीमृत्यू घडवून आणणारी जनुके वनस्पतीत असतात. ही परिभाषा वस्तुस्थितीशी कितपत जुळते, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न केवळ शब्दशुद्धीचा नाही. कोणते वाण पेरावे याचा निर्णय पुष्कळदा याच शब्दांच्या आधारे होतो.

‘रोगप्रतिकारक’ हा तत्पुरुष समास. समासात पूर्वपदाची विभक्ती लोपते, तसेच वचनही लोपते. ‘रोगाचा प्रतिकार करणारे’ आणि ‘रोगांचा प्रतिकार करणारे’ हे दोन्ही विग्रह संभवतात. वाचक स्वाभाविकपणे दुसरा स्वीकारतो. कोणत्या रोगाचा, हा प्रश्न समासाच्या पोटात गडप होतो. नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. तांबेरा व भुरी यांच्या बुरशा जिवंत पेशीवर पोसतात. पेशी मेली की त्यांची उपासमार होते. उलट काही बुरशा विषाने पेशी मारून तिच्यावरच पोसतात. पहिलीस जो मृत्यू घातक, तोच दुसरीस मेजवानी ठरतो.

याचा दाखला अमेरिकेतील ओटच्या पिकाने दिला आहे. दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या ‘व्हिक्टोरिया’ या ओटमध्ये तांबेऱ्यास तोंड देणारे जनुक होते. त्याच्या संकरापासून निपजलेले वाण 1940 नंतरच्या काही वर्षांत फार मोठ्या क्षेत्रावर पेरले गेले. 1946 साली मीहान व मर्फी यांनी याच वाणांवर पडलेल्या एका नव्या करप्याची नोंद केली. त्याची बुरशी ‘व्हिक्टोरिन’ नावाचे विष निर्माण करते आणि ते बाधते ‘व्हिक्टोरिया’च्या वंशालाच. 1955 मध्ये व्हीलर व ल्यूक यांनी असंख्य रोपे या विषातून काढून वाचलेली निवडली, तेव्हा त्यांतील बहुतेकांनी तांबेऱ्याचा प्रतिकार गमावलेला दिसला. दोन्ही गुण एकाच जनुकाचे असावेत, हे मत त्यामुळे बळावले. 2007 साली मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत व्हिक्टोरिनची बाधा घडविणारे जनुक हाती आले. त्याची घडण प्रतिकारक जनुकांचीच निघाली.

गव्हातील ‘टीएसएन-1’ची कथा याहून बोलकी आहे. 2010 साली या जनुकाची रचना उलगडली, तेव्हा तीही त्याच घडणीची ठरली. पण संशोधकांना ते प्रथम विषबाधेच्या संदर्भात भेटल्यामुळे त्याचे नाव ‘विषसंवेदी’ पडले होते. नाव जनुकाच्या स्वभावावरून न पडता निरीक्षकाच्या दृष्टिकोनावरून पडते, ते असे. सातूतील ‘एमएलओ’ हे जनुक पेशीमृत्यूला आवर घालते. ते निकामी झाले की भुरीपासून टिकाऊ संरक्षण मिळते. परंतु भातावर करपा आणणारी बुरशी अशा सातूला अधिक सहज ग्रासते, असे प्रयोगांत दिसले आहे.

‘अतिसंवेदनशील’ हा शब्द तर सरळ दिशाभूल करतो. स्टॅकमन यांनी 1915 मध्ये योजलेल्या इंग्रजी संज्ञेचे ते भाषांतर. आपल्या कृषिविषयक लेखनात ‘रोगास संवेदनशील वाण’ म्हणजे रोगाला बळी पडणारे वाण. मग ‘अतिसंवेदनशील’ म्हणजे अधिकच बळी पडणारे, असे वाचकाने का समजू नये? अभिप्रेत अर्थ मात्र नेमका उलट आहे. ‘आत्महत्या’ या रूपकात हेतू गृहीत धरला जातो. पण व्हिक्टोरिन जेव्हा वनस्पतीची तीच यंत्रणा चाळवून पेशी मारते, तेव्हा हेतू कोणाचा म्हणावा?

यावर असा आक्षेप येईल की, शास्त्रीय संज्ञेचा योगार्थ पाहू नये, रूढार्थ पाहावा. तज्ज्ञांपुरता तो मान्य आहे. परंतु मराठीत या विषयाचा वाचक अद्याप बहुधा विद्यार्थी व शेतकरी आहे. त्याच्यापाशी रूढार्थ तयार नसतो. तो शब्द फोडूनच अर्थ लावतो.

म्हणून ‘अतिसंवेदनशील प्रतिक्रिये’ऐवजी ‘त्वरित पेशीमृत्यू’ म्हणावे. त्यात हेतूचा आरोप नाही आणि उलट अर्थाची भीतीही नाही. ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही, पण रोगाचे नाव त्याच्याबरोबर सांगितलेच पाहिजे. ‘तांबेराप्रतिकारक’ असे म्हटले की करप्याविषयीचा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. तो प्रश्न उभा करणे, एवढेच परिभाषेचे येथे काम आहे.