मूळ खडकावरचा स्फटिक

नीलम हा शनीचा खडा. शनिशिंगणापूर ज्या जिल्ह्यांत आहे त्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत तो सांपडत नाहीं. पण सांपडला असता तर आपण त्याचें काय केलें असतें हें सांगावयास ज्योतिषी नको. खडकांतून उपटून, घांसून, पैलू पाडून त्यास आंगठींत कोंडलें असतें. काश्मिरांतील पाडर येथें १८८१ च्या सुमारास दरड कोसळून जे नीलम उघडे पडले, त्यांतील बहुतेकांची हीच गति झाली. वजन, पाणी आणि डाग यांपलीकडे आमची रत्नपरीक्षा सहसा जात नाहीं.

या परीक्षेचें अपुरेपण राहुरीकडील स्फटिक पाहतांना विशेष जाणवतें. राहुरीजवळील मोमीन आखाडा येथें, या शतकाच्या आरंभीं, एका विहिरीच्या खोदकामांत ॲपोफिलाइट नांवाचे हिरवे स्फटिक निघाले. त्यांचा लौकिक आज देशोदेशींच्या संग्राहकांत आहे. असंख्य बारीक स्फटिक एका बिंदूपासून फांकून त्यांचे गोळे झालेले; हिरवेपणा व्हॅनेडियमच्या लेशामुळें आलेला. असा गोळा सुटा हातीं घेतला तर कांचेचें खेळणें वाटतें. तोच स्टिल्बाइटाच्या फिक्या थरावर बसलेला आणि त्याखालीं काळा पाषाण असा पाहावा, म्हणजे डोळा तेथें ठरतो. कारण तेथें रंगाबरोबर घटनेचा क्रमहि दिसतो. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. मागाहून उष्ण पाण्यानें खडकांतलींच द्रव्यें विरघळवून त्या पोकळ्यांत आणून बसविलीं. आधीं कोण आला, त्याच्या अंगावर नंतर कोण वाढला, हें एका तुकड्यांत वाचतां येतें. खडक काढून टाकणें म्हणजे कवितेंतील एक ओळ सुटी करून सुभाषित म्हणून विकणें होय.

अर्थात् दगड मोठा म्हणून नमुना मोठा ठरत नाहीं. निम्मा पाषाण ओबडधोबड राहिला तर कपाट अडतें आणि स्फटिक हरवतो. तेथें जाणत्या हातानें छाटणी करावी, तिला माझी हरकत नाहीं. हरकत आहे ती जोडकामाला. एकदां एका प्रदर्शनांत एका देखण्या हिरव्या गोळ्यापुढें मी बराच वेळ उभा होतों. भिंग लावून पाहिलें तों बुडाशीं डिंकाची बारीक रेघ! स्फटिक खरा, खडकहि खरा; त्यांची सोयरीक मात्र दुकानांत जुळविलेली.

दुसरें वैगुण्य नांवाचें. १८६३ सालीं पुऱ्या झालेल्या बोरघाटांतील लोहमार्गाच्या खोदकामापासून आमचे स्फटिक विलायतेच्या संग्रहालयांत जाऊं लागले, आणि जुन्या चिठ्ठ्यांवर दूरदूरच्या गांवांचा माल ‘पूना’ या एका नांवाखालीं गेला. आतां सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयांत, शिर्डीच्या वाटेवर, हें धन घरबसल्या म्हणावें इतक्या जवळून पाहावयास मिळतें. ‘गारगोटी’ हें साधें नांवहि मला फार आवडलें. संग्राहकानें गांव, विहीर कीं खाण, आणि साल येवढें तरी लिहून ठेवावें. डिंकाच्या त्या तुकड्याखालीं नुसतें ‘भारत’ असें छापलें होतें.